आकड्याचं माहेर

नाशिक, रविवार सकाळ

बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दारात आलीस तेव्हा फाइल ओढणीखाली झाकलेली होती आणि तू स्वतः चिंब भिजली होतीस. "मॅडम, खरं सांगा, हा विषय पीएचडीला चालेल का?" एवढंच विचारलंस. मी चहा दिला, फाइल ठेवून घेतली आणि तुला घरी पाठवलं. उभ्या उभ्या हो-नाही म्हणून टाकावं असा तो प्रश्न नव्हता. त्यानंतर तुझा आराखडा तीनदा वाचला, तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. आता सविस्तर लिहिते.

विषय चालेल. मला तो फार आवडलाही आहे. नाशिक शहरातला डेंग्यू घ्यायचा, उपग्रहाची चित्रं, पावसाचे आकडे आणि महापालिकेकडची रुग्णनोंद एकत्र करायची आणि प्रभागवार धोक्याचा नकाशा काढायचा. हे काम एकट्या डॉक्टरचं नाही आणि एकट्या इंजिनिअरचंही नाही. त्यात वैद्यक आहे, कीटकशास्त्र आहे, संगणक आहे, शहर कुठे आणि कसं वाढतंय तेही आहे. मी एमडी केलं तेव्हा नाशिकला आरोग्य विद्यापीठ नव्हतं, ते १९९८ साली आलं. दोन शाखांच्या मध्ये पडणारा विषय घ्यायला तेव्हा गाइड सहसा तयार होत नसत. तुला तशी संधी मिळतेय याचा मला मनापासून आनंद आहे.

पण बाळ, तुझ्या बत्तीस पानांत मला डास कुठे भेटला नाही. प्रभाग भेटले, पिक्सेल भेटले, तीन वेगवेगळी अल्गोरिदम भेटली. पाण्याचं एक पिंप भेटलं नाही. रुग्णांचे आकडे कुठून येणार या रकान्यात तू एकच ओळ लिहिली आहेस : "आरोग्य विभागाकडून प्राप्त." माझं सगळं पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

सासरी आलेल्या मुलीचं मन कळायचं तर तिचं माहेर माहीत हवं, असं आमची आई म्हणायची. आकड्याचंही तसंच असतं. तो तुझ्या लॅपटॉपवर येतो तेव्हा नटून-थटून आलेला असतो. कुठल्या घरात जन्मला, कोणी लिहिला, लिहिताना त्या माणसाला कसली घाई होती, कशाची भीती होती, हे तो आपणहून सांगत नाही. ते बघायला त्याच्या माहेरी जावं लागतं. हे मला कोणी शिकवलं नाही. चुकून शिकले, आणि ती चूक तुला सांगायलाच हवी.

एमडीच्या प्रबंधासाठी मी एका आदिवासी तालुक्यातल्या नवजात बाळांच्या वजनांचा अभ्यास घेतला होता. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ म्हणजे कमी वजनाचं, ही जगभर मानलेली रेषा. मी एका ग्रामीण केंद्राची रजिस्टरं मागवून घेतली, आकडे उतरवले, तक्ते केले. कमी वजनाची बाळं आश्चर्य वाटावं इतकी थोडी निघाली. मी खूश झाले. त्याची कारणंसुद्धा लिहून टाकली : नागलीची भाकरी, आईचं काम, काय काय. तक्ते टाइप होऊन आले तेव्हा माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीने एक पान उचललं आणि विचारलं, "अगं, सगळी बाळं अडीचचीच कशी?" खरंच, पानामागून पान अडीच, अडीच, अडीच. मध्ये एखादं तीन. दोन पूर्णांक तीन, दोन पूर्णांक सात असं जवळपास कुठेच नाही.

मग एसटीने तिथे गेले. आधीच जायला हवं होतं. सिस्टरने काटा दाखवला. साल्टर काटा, खाली कापडाची झोळी, आढ्याच्या हुकाला टांगलेला. झोळी रिकामी होती तरी सुई शून्याच्या पुढेच उभी होती. सिस्टर म्हणाल्या, हा असाच आलाय, लिहून कळवलंय, बदलून मिळाला नाही. बरीच बाळंतपणं घरी होत, त्या बाळांची वजनं तिसऱ्या-चौथ्या दिवशी होत, कधी होतच नसत. आणि अडीचच्या खाली लिहिलं की वेगळा फॉर्म, वर पाठवायची जबाबदारी, आणि पाठवायला गाडी नाही. त्या बाईंनी कुणाला फसवलं नव्हतं. पदरी तीन पाडे, एक मोडका काटा आणि एक रकाना होता. रकाना रिकामा ठेवायची सोय नव्हती. फसवलं असेल तर मी स्वतःला, कारण आकडे न बघता मी त्यांची कारणं लिहायला बसले होते.

प्रबंध सहा महिने लांबला. दुसरा काटा घेतला, दर आठवड्याला एक किलोचं प्रमाणित वजन टांगून तो तपासायचा, आणि बाळं स्वतः मोजायची. अभ्यासातली बाळं कमी झाली, आकडे वाईट आले. पण ते आकडे खरे होते.

आता तुझ्या डेंग्यूकडे येते. डेंग्यूचा एक रुग्ण "एक" म्हणून रजिस्टरमध्ये कसा येतो, ते नीट बघ. ताप आला की माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. दोन दिवसांनी उतरला नाही तर रक्त तपासतात. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन हे विषाणूचं प्रथिन सापडतं, पाचव्या दिवसानंतर आयजीएम ही शरीराने केलेली प्रतिपिंडं. खासगी लॅबमध्ये बऱ्याचदा कार्डवरची झटपट चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी सरकारी नियमाने रुग्ण "संभाव्य"च राहतो. प्रयोगशाळेत एलायझासारख्या पद्धतीने तपासणी होऊन पॉझिटिव्ह आली तरच "निश्चित". त्यासाठी नमुना ठरलेल्या केंद्रात पोचावा लागतो. आयजीएमची किट तिथे पुण्याच्या विषाणू संस्थेकडून येतात. म्हणजे गल्लीतला डॉक्टर, लॅबवाला, नमुना नेणारा मुलगा आणि केंद्रातला तंत्रज्ञ, एवढ्या हातांतून गेला तर तो माणूस तुझ्या एक्सेलमध्ये एक ओळ होतो. मध्ये कुठेही धागा तुटला की तो माणूस तापाने फणफणत घरी असतो आणि तुझ्या नकाशावर त्याच्या जागी कोरी जागा असते.

म्हणून सांगते, जिथे लॅब जास्त, तिथे डेंग्यू जास्त दिसणार. गंगापूर रोडला ताप आला की दुसऱ्या दिवशी तपासणी होते. फुलेनगरच्या वस्तीत रोजंदारीवरचा माणूस क्रोसिन घेऊन कामावर जातो. तुझं मॉडेल कितीही हुशार असू दे, त्याला तू जे खाऊ घालशील तेच ते शिकणार. डासाची सवय शिकायच्या ऐवजी ते लॅबचा पत्ता शिकेल, आणि अचूकता नव्वद टक्के आली म्हणून तुझी पाठ थोपटली जाईल. मला त्याची फार काळजी वाटते, कारण उद्या त्या नकाशावरून फवारणीची गाडी कुठे जायची ते ठरणार आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. तू प्रत्येक रुग्णाचा ठिपका त्याच्या घरावर देणार आहेस. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा मुलगा त्या वेळी घरी असतो का? त्याला चावलं कंपनीच्या भंगारातल्या टायरपाशी, ठिपका पडला सिडकोतल्या भाड्याच्या खोलीवर. तीही खोली लिहिली असेल तर. बरेचदा आधार कार्डावरचा गावचा पत्ता लिहिला जातो. शिवाय सुरगाण्याहून, कळवणहून शहरात दाखल झालेले रुग्ण असतात, नातेवाइकाचा पत्ता देतात. तुझा ठिपका माणूस झोपतो कुठे ते दाखवतो. चावा कुठे बसला ते त्यात नाही. हा डास फार लांब उडत नाही, काही शे मीटरच्या आतबाहेर. तेव्हा या चुकीने अख्खा प्रभाग बदलू शकतो. निदान शंभर रुग्णांच्या घरी जाऊन विचार : ताप यायच्या आधीचे आठ-दहा दिवस दिवसा कुठे होतात? हे शंभर जबाब तुझ्या दहा हजार पिक्सेलपेक्षा मोलाचे ठरतील.

तिसरी गोष्ट भाजकाची. दर लाखामागे रुग्ण काढणार म्हणतेस. लाख कुठला? २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबादकडे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. २०११ च्या भाजकाने भागलंस तर वाढत्या भागातलं प्रमाण उगाच फुगेल. नळजोडण्या, मालमत्ता कराची खाती, मतदारयादी, यांवरून आजचा अंदाज बांध आणि तो कसा बांधला ते स्वच्छ लिही. परीक्षक त्यावर अडवतील. अडवू देत.

आता पिंपाची गोष्ट.

एका पावसाळ्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन पंचवटीत घरोघरी अळ्या बघायला गेले होते. एका घरात मोरीशेजारी निळं प्लॅस्टिकचं पिंप, वर लाकडी फळी. घरची आजी म्हणाल्या, "पाणी स्वच्छ आहे हो, कालच भरलंय." वरून बघितलं तर खरोखर आरशासारखं. मी टॉर्च तिरका धरला आणि पिंपाला बोटाने हलकेच टिचकी मारली. पृष्ठभागावर स्थिर असलेले काळे दोरे एकदम वळवळत तळाकडे पळाले. थोडा वेळ थांबलो, तर एकेक करत पुन्हा वर आले, श्वास घ्यायला. आजींनी डोळ्यांवरचा चष्मा पुसून दोनदा बघितलं. मग पिंप रिकामं केलं आणि आतल्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, मी त्यांचं बोट फिरवायला लावलं. खरखरीत लागलं, काळी बारीक पूड लावल्यासारखं. ती अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती चिकटून राहतात, महिनोन्महिने कोरडी टिकतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून कोरडा दिवस पाळा असं नुसतं सांगून भागत नाही, पिंप घासायला सांगावं लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा. हे मला पुस्तकातून माहीत होतंच. पण त्या आजींच्या बोटाला लागलं तेव्हा मला ते कळलं.

अशा शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या तो घर निर्देशांक. तपासलेल्या शंभर भांड्यांपैकी किती भांड्यांत, तो भांडी निर्देशांक. आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. हे तीन आकडे तुझ्या आराखड्यात नाहीत. ते घाल. त्यांची सरकारी नोंदही मिळेल, पण निदान दोन प्रभागांत स्वतः मोज आणि मग नोंदीशी ताडून बघ. मोजताना फ्रीजच्या मागचा ट्रे, कूलर, गच्चीवरच्या कुंड्या, मनी प्लांटची बाटली सोडू नकोस. बांधकामावर पाणी मारायला केलेले हौद आणि लिफ्टचे खड्डे तर अजिबात सोडू नकोस.

आणि घरात गेलीस की विचार : पाणी किती वाजता येतं, किती वेळ, किती दाबाने? नाशिकला गंगापूर, मुकणे आणि दारणेचं पाणी येतं. पण धरणात पाणी आहे म्हणून प्रत्येक नळाला आहे असं नसतं. ज्या घराला पाण्याचा भरवसा नाही ते घर पाणी साठवणारच. त्या बाईला पिंप रिकामं कर म्हणणं सोपं आहे. उद्या नळ आला नाही तर ती काय करेल, हेही आपणच विचारायला हवं. माझं मत विचारशील तर तुझ्या प्रबंधाचा गाभा तिथे आहे : डेंग्यूचा नकाशा आणि पाण्याच्या वेळापत्रकाचा नकाशा एकावर एक ठेव. असं काही निघालं तर फवारणीपेक्षा नळ नियमित करणं हा औषधोपचार ठरेल, आणि ते सांगायला आरोग्य विभागाला पाणीपुरवठ्याच्या दारात जावं लागेल.

तुला लागणारी माहिती किमान चार ठिकाणी आहे. रुग्ण आरोग्याकडे, पाण्याच्या वेळा पाणीपुरवठ्याकडे, बांधकाम परवानग्या नगररचनेकडे, पाऊस हवामान खात्याकडे. ही चारही खाती एका शहराबद्दल बोलतात, पण त्यांचे प्रभाग आणि विभाग एकसारखे आखलेले असतील असं धरून चालू नकोस. विभागाचं पत्र घेऊन जा, अर्ज आवकला दे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. पंधरा दिवसांनी स्वतः जा. माहितीचा अधिकार आहेच, पण पहिलं पाऊल ते नको. ज्या लिपिकाने ती फाइल वर्षानुवर्षं सांभाळली त्याच्या शेजारी अर्धा तास बसलीस तर अमुक वर्षाचा आकडा निम्मा का आहे हे तो सांगेल. तेव्हा संपावर होतो, किंवा किट संपली होती, असं काहीतरी असतं. ते कुठल्याही कागदावर मिळणार नाही.

तू नदीकाठासाठी पूररेषेचा थर वापरणार आहेस, त्याबद्दलही थोडं बोलते, कारण तिथे तुझं एक वाक्य सपशेल चुकलं आहे. १९६९ चा महापूर आला तेव्हा मी तिसरीत होते. आमच्या वाड्यात कोणी क्युसेक म्हणत नव्हतं. गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, तिच्यावरून पाणी मोजायचं. "दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं," "कमरेला आलं," "छातीला आलं," अशा बातम्या यायच्या. शेवटी कोणीतरी धावत येऊन म्हणालं, मारुती बुडाला, आणि आईने धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेतले. आजही गोदेला पाणी आलं की नाशिककर आधी मारुतीकडे बघतात. ती आमची मोजपट्टी, आणि तिचं माहेर सगळ्यांना ठाऊक आहे.

२००८ च्या सप्टेंबरात पुन्हा मोठा पूर आला आणि त्यानंतर पूररेषा हा शब्द घराघरांत पोचला. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या. तू लिहिलं आहेस, "लाल रेषेतील भागास शतकातून एकदाच धोका." तसं नसतं गं. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. तीस वर्षांच्या कर्जावर तिथे घर घेतलेल्या माणसाला त्या तीस वर्षांत एकदा तरी तो पूर गाठण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या माणसाला ७१ टक्के. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून बघ. हेही लक्षात ठेव की रेषा जुन्या पावसावरून आणि त्या वेळच्या नदीपात्रावरून काढलेली असते. वर काँक्रीट वाढलं, नासर्डी-वाघाडी या नद्या अरुंद झाल्या, की पाणी लवकर आणि जास्त येतं. रेषा मात्र कागदावर होती तिथेच राहते. दिंडोरी रोडला मेरी आहे, १९५९ पासूनची अभियांत्रिकी संशोधन संस्था. तिथल्या कोणा अभियंत्याला भेटून पूररेषा कशी काढतात ते समजून घे. डॉक्टरच्या विद्यार्थिनीला ते काय सांगतील असा संकोच करू नकोस. मनापासून विचारणाऱ्याला माहीतगार माणूस हौसेने सांगतो, असा माझा अनुभव आहे.

तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे असं समजू नकोस. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी आपल्या नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभथॉन ही नवनिर्मितीची शिबिरं झाली आणि इथल्या मुलांनी मेळ्याचे प्रश्न हातात घेतले. त्यातून निघालेली अशिओटो ही पायाखालची चटई मला सर्वांत आवडली. तिच्यावरून माणसं चालत गेली की पावलांच्या दाबावरून किती गेली ते मोजायचं. २००३ च्या सिंहस्थात पंचवटीत चेंगराचेंगरी झाली होती. ती ज्यांनी जवळून पाहिली त्यांना या मोजणीची किंमत सांगावी लागत नाही. गर्दी "लाखो" म्हणून सांगितली जाते, पण अरुंद गल्लीत मिनिटाला किती माणसं शिरतात हा आकडा वेळेवर मिळाला तर जीव वाचतो. ती चटई मला आवडली ती सेन्सरमुळे नाही. तिथे आकडा जिथे जन्मतो तिथेच, रस्त्यावर, पावलाखाली मोजला जात होता. त्याच मेळ्यात दवाखान्यांच्या बाह्यरुग्ण नोंदी टॅबवर घेऊन साथीवर रोजच्या रोज नजर ठेवण्याचाही प्रयोग झाला आणि त्यावर शोधनिबंध आला. तो वाच. २०२७ चा सिंहस्थ तुझ्या पीएचडीच्या काळातच येतो आहे. पावसाळ्यात, साठवलेल्या पाण्यात, लाखो पाहुण्यांसह. तुझ्या विषयाला यापेक्षा मोठी परीक्षा मिळणार नाही.

याउलट लासलगावचं उदाहरण बघ. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे विकिरण केंद्र उभं केलं. विज्ञान पक्कं होतं, कोंब थांबतात. पण शेतकऱ्याच्या कांदाचाळीतला कांदा नुसत्या कोंबांनी जात नाही, सडून आणि सुकूनही जातो, आणि ते विकिरणाने थांबत नाही. प्रयोगशाळेपासून चाळीपर्यंतचं अंतर हाही संशोधनाचाच भाग आहे.

वाचनाचं विचारलं होतंस. संदर्भ दीडशे दिलेस, त्यातले किती पूर्ण वाचलेस हे मी विचारत नाही. दोनच कामं मुळापासून वाच. एक, राणी आणि अभय बंग यांचा १९८९ चा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तर ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हे कधीच दिसलं नसतं, कारण ज्या आल्याच नाहीत त्यांची ओळ रजिस्टरमध्ये नसते. दुसरं, हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम. कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा गारवा टिपत राहिले. त्या टिपणांतून १९८२ साली लॅन्सेटमध्ये निबंध झाला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार उभा राहिला. दोघांकडे मोठं विद्यापीठ जवळ नव्हतं. आकड्याचं माहेर मात्र अंगणात होतं.

संमतीपत्राचं सांगायचं राहिलं. तू जोडलेलं संमतीपत्र कायद्याच्या भाषेत आहे. तुझ्या आईला वाचायला दे, तिला एका दमात कळलं तर ठेव. शहरात आलेल्या सुरगाणा-पेठच्या कुटुंबांत कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलतात, जुन्या नाशकात काही घरांत उर्दू. तिथे मराठी कागदावर अंगठा घेऊन संमती होत नाही. तोंडी समजावून सांग, आणि अंगठा असेल तिथे घरचा नसलेला साक्षीदार हवाच. रक्त घेणार असशील तर अहवाल त्यांच्या हातात पडेपर्यंत तुझं काम संपलं असं धरू नकोस. मी या बाबतीत फार कडक आहे, तू जाणतेस.

छापण्याबद्दल थोडक्यात. "चोवीस तासांत प्रसिद्धी" म्हणून ईमेल येतील, पैसे मागतील. त्यांना उत्तरही देऊ नकोस. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी आता नाही, त्यामुळे नियतकालिक पारखायची जबाबदारी तुझी आणि गाइडची. २०२२ च्या नियमांनी पीएचडीसाठी शोधनिबंधाची सक्तीही यूजीसीने काढली आहे, तुझ्या विद्यापीठाचं काय ते तपासून घे. विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेला मात्र जरूर जा. तिथे दुसऱ्या शाखेचा परीक्षक समोर उभा राहून साधा प्रश्न विचारतो, आणि त्या साध्या प्रश्नानेच आपण अडखळतो.

पाण्याचा आणि डेंग्यूचा संबंध निघालाच नाही, तर? हे तू विचारलं नाहीस, पण आराखड्यातल्या "सिद्ध करणे" या शब्दावरून मनात आहे हे कळतं. तिथे "तपासणे" लिही. नाही निघाला तर नाही निघाला असं छाप. पुढच्या मुलीची तीन वर्षं वाचतील.

मी मलेरिया विभागातल्या माझ्या जुन्या ओळखीच्या निरीक्षकांशी बोलले आहे. गुरुवारी त्यांची तुकडी पाथर्डी फाट्याच्या बाजूला घरभेटींना निघते. सकाळी साडेसातला माझ्याकडे ये, मीही येते, पहिली दहा घरं बरोबर करू. टॉर्च, पांढरी एनॅमलची थाळी, ड्रॉपर आणि साधी वही आण. मोबाइलवरचा फॉर्म त्या दिवशी नको, आधी हाताने लिही, मग कुठले रकाने हवेत ते तुझं तुलाच कळेल. नाष्टा माझ्याकडे.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम

ता. क. फाइलची शेवटची चार पानं ओली झाली होती. फडक्यात घालून इस्त्री केली आहेत. शाई थोडी पसरली, पण वाचता येतं.